ख्रिश्चन विद्यापीठातून पीए: डिपॉझिट भरण्याआधी काय तपासायचं

न्यू जर्सीतल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी बायोलॉजीची पदवीधर, जीपीए ३.५, ग्रीन कार्ड आहे, मेडिकल स्क्राइब (डॉक्टरांच्या तपासणीच्या नोंदी लिहिणारी) म्हणून दीड हजार तास काम झालंय. फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे पीएच्या (डॉक्टरांबरोबर काम करत रुग्ण तपासणाऱ्या, उपचार करणाऱ्या पेशाच्या), कोर्ससाठी तीन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलंय आणि तिन्ही विद्यापीठं ख्रिश्चन आहेत. एक सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, एक कॅथलिक, आणि एक बॅप्टिस्ट परंपरेचं, जिथला पीए कोर्स अगदी नवा आहे. त्या विचारतात: "आमच्या घरी गौरी-गणपती, सगळं साग्रसंगीत असतं. तिच्यावर धर्माचं दडपण येईल का? या पदवीला बाहेर किंमत आहे का? आणि नाशिकचा पुतण्या बीएएमएस झालाय, त्याला असा प्रवेश मिळेल का?"

मी पीए आहे, बरीच वर्षं पीएच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि प्रवेशाच्या मुलाखतींत बसते. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते. काही गोष्टी त्या-त्या विद्यापीठावर अवलंबून आहेत, तिथे तसं सांगेन.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला श्रद्धेचा: तिथे राहून लेकीला काय पाळावं लागेल? दुसरा शिक्षणाचा: हा कोर्स तिला परीक्षेपर्यंत आणि नोकरीपर्यंत नीट पोचवेल का? घरचे लोक पहिल्या प्रश्नाने हैराण होतात आणि दुसऱ्याकडे बघायचं राहून जातं. मुलांचं खरं नुकसान मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यात होतं. दोन्हींची उत्तरं छापील असतात, फक्त ती कुठे शोधायची हे माहीत हवं.

पदवीच्या किंमतीची काळजी आधी मिटवते. अमेरिकेत पीए व्हायचं तर एआरसी-पीए या एकाच संस्थेची मान्यता असलेल्या कोर्समधून मास्टर्स करायचं, मग एनसीसीपीए ही संस्था घेते ती पॅन्स नावाची परीक्षा द्यायची आणि त्यानंतर राज्याचं लायसन्स काढायचं. असे तीनशेहून जास्त कोर्स आहेत. ख्रिश्चन विद्यापीठ असो वा सरकारी, मान्यतेचे निकष तेच, परीक्षा तीच: तीनशे प्रश्न, साठ-साठचे पाच भाग, प्रत्येक भागाला एक तास. गुण २०० ते ८०० मध्ये देतात आणि ३५० ला पास. पदवीनंतर सहा वर्षांत जास्तीत जास्त सहा प्रयत्न मिळतात. लायसन्सवर विद्यापीठाचा पंथ लिहिलेला नसतो. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमधून शिकून आलेल्या नर्सला सांगली-कोल्हापुरात कोणी पंथ विचारून कामावर ठेवत नव्हतं, तसंच हे. (एक बारीक गोष्ट: या पेशाच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारलं. कागदपत्रांत दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. पेशा एकच आहे.)

आता 'ख्रिश्चन' या शब्दाबद्दल. हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. ओमाहाचं क्रेटन किंवा मिलवॉकीचं मार्केट ही जेझुइट कॅथलिक विद्यापीठं. तिथे पीएच्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात आणि रोजच्या आयुष्यात धर्माची सक्ती जवळजवळ जाणवत नाही. कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा ॲडव्हेंटिस्टांचं. तिथे अभ्यासक्रमातच धर्म आणि नीतिशास्त्राचे विषय आहेत, चॅपल, म्हणजे प्रार्थनासभा, आहे, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात. नॅशव्हिलचं ट्रेव्हेका हे नाझरीन चर्चचं, आर्कान्सामधलं हार्डिंग हे चर्चेस ऑफ ख्राइस्टचं. इथे आचारसंहितेचा भाग जास्त ठळक असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे विद्यापीठाला 'ख्रिश्चन' म्हणणं सोडून कोणत्या चर्चचं ते बघायचं.

दुसरं काम, तीन गोष्टी वेगवेगळ्या करून विचारायच्या. सही कशावर करायची? हजर कुठे राहायचं? आणि काय वर्ज्य आहे?

सहीचं असं आहे. काही ठिकाणी श्रद्धेचं निवेदन असतं, म्हणजे 'मी येशू ख्रिस्ताला मानते' अशा आशयाचा मजकूर. हे बहुतेक वेळा प्राध्यापकांसाठी असतं. विद्यार्थ्यांनीही त्यावर सही केलीच पाहिजे असं म्हणणारे कोर्स थोडे, पण आहेत. याहून जास्त वेळा आढळतो तो आचाराचा करार: कॅम्पसवर दारू-तंबाखू नाही, एकमेकांशी आदराने वागू, विद्यापीठाच्या श्रद्धेचा मान राखू. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यावर हिंदू मुलगी निर्मळ मनाने सही करू शकते. पहिल्यावर 'नुसता कागद आहे, करून टाक' असा सल्ला कृपया देऊ नका. जे मानत नाही त्यावर सही करून सव्वादोन वर्षं वावरणं तिला जड जाईल, आणि ज्या लोकांनी मनापासून तो मजकूर लिहिलाय त्यांच्यावरही तो अन्याय आहे. असं निवेदन दिसलं तर प्रवेश विभागाला सरळ ईमेल करायचा: "मी हिंदू आहे, या मजकुरावर प्रामाणिकपणे सही करू शकत नाही, तरी माझा अर्ज पुढे जाईल का?" उत्तर लेखी मिळतं आणि विषय तिथेच संपतो.

हजेरीत चॅपल, धर्माचा एखाद-दुसरा विषय आणि काही ठिकाणी वर्गाच्या सुरुवातीला प्रार्थना येते. पदवीच्या मुलांना चॅपल सक्तीचं आणि पीएच्या विद्यार्थ्यांना ऐच्छिक, असं पुष्कळदा असतं, कारण पीएचं वेळापत्रकच इतकं भरलेलं असतं. पण हे गृहीत धरू नका, पीएच्याच हँडबुकमध्ये बघा. धर्माच्या विषयाला मार्क आणि क्रेडिट असतात, तो नापास झाला तर पुढे जाता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

वर्ज्य गोष्टींच्या यादीत आई-वडिलांना दारू-सिगारेट दिसते आणि हायसं वाटतं. ॲडव्हेंटिस्ट कॅम्पसवर तर कँटीनही बहुधा शाकाहारी असतं, शाकाहारी घरातल्या मुलांची तिथे चांगली सोय होते. पण याच यादीत लग्नाआधी एकत्र राहणं, समलिंगी नातेसंबंध यांबद्दलचे नियमही असू शकतात. धार्मिक संस्थांना केंद्र सरकारच्या टायटल नाइन या भेदभावविरोधी कायद्यातून सूट मागता येते, त्यामुळे तिथे तक्रारीला फारशी जागा राहत नाही. म्हणून आचारसंहिता लेकीने स्वतः, एकटीने, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला हवी. तिच्या आयुष्यातलं सगळं आपल्याला माहीत असतंच असं नाही, आणि या नियमांखाली राहायचंय तिला.

सणावारांचं आधीच सांगते. दिवाळी बरोबर फॉल सेमिस्टरच्या ऐन परीक्षांत येते. पहिल्या वर्षी आठवड्याला तीस-पस्तीस तास वर्ग आणि बहुतेक आठवड्यांत एक-दोन परीक्षा असतात. रजेचे दिवस हातावर मोजण्याइतके. ही अडचण सरकारी विद्यापीठातही तशीच आहे, तिचा ख्रिश्चन असण्याशी संबंध नाही. उलट सब्बाथ पाळणाऱ्या ठिकाणी शनिवारी परीक्षा ठेवत नाहीत. रुग्णसेवा मात्र सब्बाथलाही चालूच असते, त्यामुळे क्लिनिकल वर्षात शनिवारची ड्यूटी लागू शकते.

धर्मांतराच्या दडपणाबद्दल. पीएच्या वर्गात कोणी पाठी लागल्याचं क्वचितच कानावर येतं. सगळे अभ्यासाने थकलेले असतात. खरा पेच वेगळ्या जागी येतो: रुग्णाच्या खाटेशी. या विद्यापीठांत रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस करायला पद्धतशीर शिकवतात. क्रिस्टीना पुखाल्स्की यांनी १९९६ च्या सुमारास मांडलेली 'फायका' ही प्रश्नावली त्यासाठी सर्रास वापरतात. श्रद्धा काय, तिला किती महत्त्व, कोणता समुदाय पाठीशी आहे, आणि उपचारांत आम्ही काय लक्षात ठेवायचं, असे चार टप्पे. वाचताना हे मऊ-मऊ वाटतं, म्हणून वर्गात मी एक नमुना करून घेते.

हार्ट फेल्युअरच्या आजीबाई दर मंगळवारी क्लिनिकला येतात. पायांवर सूज, वजन तीन पौंड वाढलेलं. गोळ्या रोज घेता का, तर 'हो'. मीठ कमी आहे का, तर 'हो'. विद्यार्थिनी लॅसिक्सचा, म्हणजे लघवीच्या गोळीचा, डोस वाढवायला निघते. तिला थांबवून तिसरा प्रश्न विचारायला लावायचा: "आठवडाभर तुम्हाला आधार कोणाचा असतो?" आजी चर्चबद्दल बोलायला लागतात. रविवारी सकाळी नऊला घरून निघते, दोन तासांची प्रार्थना, मग सगळ्यांबरोबर जेवण, घरी यायला दोन वाजतात. आता चौथा प्रश्न: "मग रविवारची लघवीची गोळी?" आजी हसतात. ती घेऊन दोन तास बाकावर बसणार कशी? म्हणजे दर रविवारी डोस चुकतो, वरून चर्चमधलं खारट जेवण, आणि मंगळवारी सूज. डोस वाढवायची गरजच नाही. रविवारची गोळी घरी आल्यावर दुपारी घ्यायची, एवढं सांगितलं की पुरतं. हिंदू विद्यार्थिनीला हे शिकणं अजिबात परकं नाही. चतुर्थीच्या उपवासाला मधुमेहाची गोळी घेऊन साबुदाणा खाणारी माणसं तिने घरातच पाहिलेली असतात.

यातली मर्यादा मात्र तिला स्पष्ट ठाऊक हवी. विचारपूस करणं हे कौशल्य आहे आणि ते तिला करता यायलाच हवं. रुग्णासाठी स्वतः प्रार्थना म्हणणं हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. रुग्णाने "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हटलं तर शांतपणे हात धरून उभं राहता येतं, "तुमच्या शब्दांत तुम्ही म्हणा, मी इथे आहे" असं म्हणता येतं, किंवा चॅप्लेनला, म्हणजे रुग्णालयातल्या धर्मगुरूला, बोलावता येतं. मुलाखतीत विचारा: "आध्यात्मिक काळजीच्या मूल्यमापनात विद्यार्थ्याला स्वतः प्रार्थना करून दाखवावी लागते का?" चांगला कोर्स याचं उत्तर लगेच आणि नेमकं देतो.

कॅथलिक विद्यापीठाच्या बाबतीत वेगळी गोष्ट तपासायची. तिथे विद्यार्थ्यांवर बंधनं कमी, पण संलग्न रुग्णालय कॅथलिक असेल तर ते कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या वैद्यकीय निर्देशांनुसार चालतं. गर्भनिरोधनासाठी गर्भनिरोधक देणं, नसबंदी, आयव्हीएफ आणि गर्भपात तिथे होत नाहीत. पॅन्समध्ये गर्भनिरोधनावर प्रश्न येतात, आणि स्त्रीरोगाच्या रोटेशननंतरच्या (रोटेशन म्हणजे एकेका विभागात काही आठवडे प्रत्यक्ष काम) परीक्षेतही येतात. ती परीक्षा १२० प्रश्नांची असते. पुस्तकातून मुलं पास होतात हो, पण आययूडी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन, बसवताना एकदाही न पाहिलेली पीए पहिल्याच नोकरीत अडखळते. तेव्हा विचारायचं: स्त्रीरोगाचं रोटेशन कुठे असतं? त्या रुग्णालयाबाहेरच्या एखाद्या क्लिनिकमध्ये काही आठवडे मिळतात का? याबरोबरच राज्य कोणतं हेही बघा. गर्भपाताच्या हक्काचं देशव्यापी संरक्षण काढून घेणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर काही राज्यांत तर धर्मनिरपेक्ष रुग्णालयातही गर्भपाताशी संबंधित उपचार शिकायला मिळणं अवघड झालंय.

आता दुसरा, माझ्या मते जास्त महत्त्वाचा प्रश्न: कोर्स कसा आहे?

एआरसी-पीएच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कोर्सला दोन तक्ते आपल्या संकेतस्थळावर टाकावेच लागतात. एक पॅन्सच्या पाच वर्षांच्या निकालाचा, दुसरा मागच्या तीन बॅचमधल्या गळतीचा. जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरांत असतो, दुसरा शोधावा लागतो. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाळीस मुलं आत आली. पहिल्या वर्षात तीन बाहेर पडली, तिघांना मागच्या बॅचमध्ये टाकलं. वेळेवर पदवी चौतीस जणांना. त्यातले तेहतीस पहिल्या प्रयत्नात पॅन्स पास झाले. जाहिरात म्हणणार: निकाल ९७ टक्के. खोटं काहीच नाही. पण तुमच्या लेकीच्या दृष्टीने प्रश्न असा आहे की चाळीस जणी दारातून आत गेल्या, त्यातल्या किती जणी वेळेवर पास होऊन बाहेर आल्या? तेहतीस भागिले चाळीस, म्हणजे साडेब्याऐंशी टक्के. मागच्या बॅचमध्ये टाकलेल्या मुलांचं एक वर्ष आणि वर्षभराचा खर्च जातो, बाहेर पडलेल्यांच्या डोक्यावर पदवीविना कर्ज राहतं. देशभरात पहिल्या प्रयत्नात पास होण्याचं प्रमाण गेली काही वर्षं ९२-९३ टक्क्यांच्या आसपास आहे. कोर्सचा निकाल ८५ टक्क्यांवर किंवा खाली आला तर एआरसी-पीए खुलासा मागते. एखाद्या वर्षी आकडा घसरला तर घाबरू नका, बॅच लहान असते, दोन मुलांनी टक्केवारी पाचाने हलते. सलग तीन वर्षं उतरती कळा दिसली तर कारण विचाराच.

गळती का होते, तर बहुतेक वेळा मुलं कच्ची असतात म्हणून होत नाही. शिकवणारे वर्षात दोनदा बदलतात, नवा शिक्षक आपल्या पद्धतीने परीक्षा काढतो, पहिल्याच सेमिस्टरमध्ये ॲनाटॉमीत दोन गुणांनी बी ग्रेड हुकते आणि पुन्हा संधी देण्याचा नियम धूसर असतो. म्हणून विचारायचं: नापास झाल्यावर पुढे काय? पुनर्परीक्षा किती? संचालक या पदावर किती वर्षं आहेत? गेल्या दोन वर्षांत किती प्राध्यापक सोडून गेले? दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांशी फोनवर बोलणं करून द्या म्हणा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे.

क्लिनिकल वर्षात फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार आणि इमर्जन्सी एवढी रोटेशन्स व्हायलाच हवीत. त्यासाठी जागा आणि प्रीसेप्टर, म्हणजे तिथे प्रत्यक्ष शिकवणारे डॉक्टर किंवा पीए, शोधणं ही कोर्सची जबाबदारी आहे. विद्यार्थ्यांवर ती टाकायला नियमाने मनाई आहे. लहान गावातल्या विद्यापीठांत जागा असतात, पण दोन-अडीच तासांच्या अंतरावर. मग गाडी हवी, सहा आठवड्यांपुरती दुसरी खोली हवी. हा खर्च फीच्या तक्त्यात दिसत नाही. बालरोग आणि स्त्रीरोगाच्या जागा सगळीकडेच दुर्मिळ झाल्यात, त्या दोनबद्दल नेमकं विचारा. मिशन ट्रिपचं रोटेशन असेल तर ते ऐच्छिक आहे का, खर्च कोणाचा आणि तिथे देखरेखीला कोण, हेही. अमेरिकेत जे काम विद्यार्थिनीला करू देत नाहीत, ते ग्वाटेमालात केवळ माणसं गरीब आहेत म्हणून तिने करू नये.

तिसऱ्या, नव्या कोर्सबद्दल जास्त जपून. नव्या कोर्सला आधी 'प्रोव्हिजनल' मान्यता मिळते. ती असेल तर तिथले पदवीधर पॅन्सला बसू शकतात, तेव्हा हा शब्द वाचून पळून जायचं कारण नाही. पण पाच वर्षांचे आकडे तिथे नसतात, म्हणजे तुम्ही डोळे झाकून विश्वास टाकताय. आणि मान्यता मिळायच्या आधीच मुलाखती घेऊन डिपॉझिट मागणारेही असतात. मान्यता लांबली तर वर्ग सुरूच होत नाही. अशा वेळी डिपॉझिट परत मिळेल का, हे लेखी घ्या.

इथे लहान चर्च-संलग्न विद्यापीठांची तब्येतही बघावी लागते. वेस्ट व्हर्जिनियात फिलिपी गावी ॲल्डरसन ब्रॉडस नावाचं बॅप्टिस्ट परंपरेचं कॉलेज होतं. ड्यूक विद्यापीठाने १९६५ मध्ये नौदलातून आलेल्या चार कॉर्प्समनना, म्हणजे वैद्यकीय मदतनिसांना, घेऊन पहिला पीए वर्ग सुरू केला, त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६८ मध्ये, डॉ. ह्यू मायर्स यांनी या छोट्या कॉलेजात चार वर्षांच्या पदवीचा देशातला पहिला पीए कोर्स उभा केला. या पेशाच्या इतिहासात त्या गावाचं नाव आदराने घेतात. २०२३ मध्ये पैशाअभावी ती संस्था बंद पडली. इतिहास, श्रद्धा, चांगलं नाव, कशानेच ती वाचली नाही. त्यामुळे खासगी विद्यापीठाचा एक आकडा मी हमखास बघायला सांगते: केंद्रीय शिक्षण खातं आर्थिक जबाबदारीचा गुणांक देतं, उणे एक ते तीन यांच्यामध्ये. दीड किंवा वर असेल तर ठीक. एकच्या खाली असेल तर मोठी धोक्याची खूण. सोबत विद्यापीठाची स्वतःची प्रादेशिक मान्यता 'वॉर्निंग' किंवा 'प्रोबेशन'वर तर नाही ना, तेही पाहा. दोन्ही माहिती सार्वजनिक आहे, अर्ध्या तासाचं काम.

पैशांचं गणित बदललंय. कोर्स साधारण सत्तावीस महिन्यांचा, खासगी विद्यापीठात नुसती ट्यूशन लाखभर डॉलर किंवा त्याहून जास्त, आणि शिकताना नोकरी करणं जवळजवळ अशक्य. ग्रीन कार्ड असल्याने लेकीला केंद्राचं कर्ज मिळू शकतं. पण २०२५ च्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं केंद्रीय कर्ज बंद. साध्या पदव्युत्तर कोर्सला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर ही मर्यादा. 'प्रोफेशनल' गटातल्या कोर्सला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००. शिक्षण खात्याच्या समितीने २०२५ च्या अखेरीस केलेल्या मसुद्यात या दुसऱ्या गटात पीए नव्हतं. प्रवेशाच्या वेळी लागू असलेला नियम विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य विभागाकडून लेखी घ्या आणि उरलेली रक्कम कुठून येणार हे डिपॉझिट भरायच्या आधी घरात बसून मांडा. खासगी कर्जाला सह-स्वाक्षरी लागते, ती बहुधा तुमचीच असेल. दुसऱ्या बाजूला, कामगार खात्याच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये पीएचा मध्यम वार्षिक पगार १,३०,०२० डॉलर होता. दीड लाखाच्या आतलं कर्ज काही वर्षं साधेपणाने राहून फिटतं. खासगी व्याजदराने दोन लाखांपुढे गेलं तर ते तिच्या लग्न-घर-मुलं या सगळ्यावर सावली धरतं.

मुलाखतीची तयारी. ही विद्यापीठं हमखास विचारतात: "आमचं ध्येयवाक्य वाचलंत? तुम्ही त्यात कशा बसता?" इथे मुली दोन चुका करतात. एक म्हणजे ख्रिश्चन असल्यासारखं बोलतात. दुसरी, "धर्म माझ्यासाठी खासगी आहे" म्हणून विषय बंद करतात. ऐकणाऱ्याला पहिल्यात खोटेपणा आणि दुसऱ्यात तुसडेपणा जाणवतो. तिने आपलं खरं सांगावं: मी हिंदू घरात वाढले, आमच्याकडे सेवा हा शब्द असा वापरतात, अमुक ठिकाणी मी ते काम केलं, आणि तुमच्या ध्येयवाक्यातल्या या ओळीशी ते मला जुळतं. एक प्रत्यक्ष प्रसंग, एक त्यांची ओळ, दीड-दोन मिनिटांत. पंढरीच्या वारीत डॉक्टरांच्या पथकाबरोबर पाय चेपायला, फोडांना पट्ट्या बांधायला बसली असेल तर तेच सांगावं, त्याहून चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही. नसेल तर बनवून सांगू नये.

स्क्राइबच्या तासांबद्दल एक सावधगिरी. काही कोर्स ते तास थेट रुग्णसेवेत धरतात, काही फक्त आरोग्यक्षेत्रातला अनुभव म्हणून, कारण स्क्राइब रुग्णाला हात लावत नाही. मुलाखतीला बोलावलंय म्हणजे या तिघांनी काही ना काही धरलंय. पण वेटलिस्टवर राहिली तर पुढच्या वर्षी वाट बघत न बसता ईएमटी (अँब्युलन्सवरचा तातडीच्या सेवेचा कर्मचारी) किंवा मेडिकल असिस्टंटचं काम धरावं. कॅस्पाच्या, म्हणजे पीए कोर्सेसच्या सामाईक प्रवेशाच्या, अर्जात जुने मार्क पुसले जात नाहीत, पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड सरासरीत मोजतात. तास मात्र वाढवता येतात.

तिन्हींतून निवडायची वेळ आली, तर एवढ्या माहितीवर मी ॲडव्हेंटिस्ट आणि कॅथलिक या दोघांचे गळतीचे तक्ते शेजारी ठेवून ठरवेन, आणि बॅप्टिस्ट विद्यापीठाचा नवा कोर्स तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन. पंथामुळे नाही, आकडे नसल्यामुळे. या दोघांपैकी एखाद्याची गळती दहापैकी दोनपर्यंत गेलेली दिसली, आणि नव्या कोर्सचं विद्यापीठ पैशाने भक्कम, संचालक अनुभवी असले, तर हा क्रम बदलेल.

पुतण्याबद्दल थोडक्यात. बीएएमएस, बीएचएमएस, अगदी भारतातलं एमबीबीएस असलं तरी थेट पॅन्सला बसता येत नाही. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कोर्समधूनच यावं लागतं. भारतातही पीएचं शिक्षण आहे. १९९२ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी ते सुरू केलं, आणि २०२१ च्या कायद्यात या पेशाचं नाव आलं. पण ती पदवीही इथे चालत नाही. त्याला इथे अर्ज करायचा तर नाशिकच्या ट्रान्सक्रिप्टचं मूल्यांकन करून घ्यावं लागेल, आणि बरेच कोर्स ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री हे विषय अमेरिकेतल्या कॉलेजातूनच केलेले मागतात. अनेक कोर्स विद्यार्थी व्हिसावाल्यांना घेतच नाहीत. जे घेतात तिथे त्याला केंद्राचं कर्ज मिळणार नाही, आणि पीए हा स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) यादीतला विषय नसल्याने पदवीनंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी, फक्त बारा महिन्यांचं. त्या बारा महिन्यांत पॅन्स, लायसन्स, नोकरी आणि एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हे सगळं बसवायचं. लायसन्सला काही राज्यांत दोन-तीन महिने सहज जातात. त्याने सुरुवात करायचीच असेल तर कोर्सच्या नावापासून करू नये. "विद्यार्थी व्हिसावर प्रवेश देता का, आणि परदेशात केलेले प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी लागणारे विषय) धरता का" हे दोनच प्रश्न वीस कोर्सना ईमेलने पाठवावेत आणि होकार आले तेवढ्यांवरच पुढचा पैसा खर्च करावा.